आयटीला मुकादम नाही: बीडच्या एका प्रश्नातून संशोधनाचा विषय कसा घडतो

'पेट निघाली, आता विषय काय घेऊ?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाचं सविस्तर लिहून टाकते. आणि उपदेश करण्यापेक्षा माझीच फजिती सांगते, ती जास्त उपयोगी पडेल.

मी केज तालुक्यातली. पीएच.डी. अर्थशास्त्रात करतेय. मॅडमना मी पहिला विषय लिहून दिला होता तो असा: 'बीड जिल्ह्यातील ग्रामीण तरुणांना माहिती तंत्रज्ञान क्षेत्राकडे वळविण्यासाठीच्या उपाययोजना: एक अभ्यास'. वाचायला कसा भारदस्त वाटतो ना? मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "वळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ते तुझ्या उपायामुळेच वळले, हे तुला कळणार कसं?"

माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. तुमच्याकडेही असा विषय असेल तर लाजू नका, निम्म्या सिनॉप्सिस अशाच असतात. पण त्यात गडबड काय आहे ते बघा. 'उपाययोजना' या शब्दात आपण आधीच गृहीत धरून बसतो की तरुणांनी आयटीत जाणं चांगलं, ते जात नाहीत कारण त्यांना कुणी प्रोत्साहन देत नाही, आणि प्रोत्साहन दिलं की ते जातील. यातलं एकही वाक्य तपासलेलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे जे भाषण करतात, "मुलांनो, आयटीचं युग आहे, मोठी स्वप्नं बघा", तेच आपण प्रकरणं पाडून लिहिणार. मुलं टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीच्या तयारीला पळायला जातात. भाषणानं काही झालं का? झालं असेल तर किती? हा प्रश्न झाला.

आता बीडमध्ये आयटीचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं, दादासाहेब भगत. आष्टी तालुक्यातला हा माणूस. आयटीआय केलेलं, पुण्यात इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये ऑफिस बॉयचं काम केलं, तिथं कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं बघून ग्राफिक डिझाइन आणि ॲनिमेशन शिकला, पुढं स्वतःची कंपनी काढली. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये गावी परत आला तर नेटवर्क मिळेना, म्हणून डोंगरावरच्या गोठ्यात कॉम्प्युटर मांडून काम चालू ठेवलं. नंतर 'शार्क टँक इंडिया'त अमन गुप्तांनी त्याच्या कंपनीत 10 टक्के हिश्श्यासाठी 1 कोटी रुपये लावले. गोष्ट खरी आहे, जबरदस्त आहे. मलाही तिचा अभिमान आहे.

पण संशोधक म्हणून तिच्याकडे बघताना थोडं थांबावं लागतं. आष्टी-पाटोद्याकडून पुण्याला जाऊन मिळेल ते काम धरणारी पोरं शेकड्यानं असणार. त्यातली काही जण रात्री जागून काहीतरी शिकलीही असतील. त्यांचं काय झालं? ती टीव्हीवर येत नाहीत, म्हणून आपल्या नमुन्यातही येत नाहीत. जो पोचला त्यालाच विचारलं "कसा पोचलास?" तर तो सांगणार "मेहनत केली". न पोचलेल्यानंही मेहनत केली होती की नाही, हे विचारल्याशिवाय मेहनतीचा वाटा किती ते कळत नाही.

हे मला पुस्तकात वाचून कळलं होतं, तरी मी तीच चूक केली. विषय सुधारून दिला आणि पुण्याला हिंजवडीत जाऊन आपल्या भागातल्या, आयटीत नोकरी करणाऱ्या पोरापोरींच्या मुलाखती घेतल्या. छान बोलले सगळे. एकानं तर रूमवर नेऊन भाकरी-पिठलं खाऊ घातलं. वही भरून आणली आणि मॅडमपुढे ठेवली. त्यांनी चार पानं चाळली अन् म्हणाल्या, "हे झाले राहिलेले. परत आलेले कुठं आहेत?"

परत आलेले शोधायला मला पुण्याला जावंच लागलं नाही. एक तर माझ्याच वर्गातला निघाला. बी.सी.ए. केलेला. पुण्यात 'नोकरीची हमी' देणाऱ्या एका क्लासला घरच्यांनी म्हैस विकून पैसे भरले, आठ महिने काढले, हमीचं काही झालं नाही, आता तालुक्याला झेरॉक्सचं दुकान टाकलंय. मी विचारलं, "आधी कुणाला विचारलं होतंस का रे, त्या क्लासबद्दल?" तो म्हणाला, "कोणाला विचारावं? आपल्यात कोण हाय त्या लाईनीत?"

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. माझा विषय खरं म्हणजे इथं सुरू झाला.

कारण विचार करा, ऊसतोडीला जाताना असं कुणी म्हणतं का, की आपल्यात कोण त्या लाईनीत? दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. त्यांना कुणी 'करिअर मार्गदर्शन' करत नाही. मुकादम गावात येतो. कारखाना कुठला, टनाला काय भाव, जायचं कधी, गाडी कुठून सुटणार, सगळं तो सांगतो, आणि उचल हातात ठेवतो. मुकादमाला मी चांगलं म्हणत नाही. त्या उचलीत घरंच्या घरं कशी अडकतात ते बीडच्या माणसाला सांगायला नको. पण यंत्रणा म्हणून बघा. कामाची माहिती, ओळख, प्रवासाचा खर्च आणि भरवसा, चारही गोष्टी दारात येतात. आयटीला मुकादम नाही. माझ्यापुरता माझा मामा होता. तो पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता, दहावीनंतर त्यानंच एमएस-सीआयटीची फी भरली आणि घरच्यांना सांगितलं, "शिकू द्या, मी बघतो." ज्या मैत्रिणीला मामा नव्हता, तिचं काय?

मग मी वाचायला लागले आणि मला एक अभ्यास सापडला, जणू माझ्याच प्रश्नावर केलेला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा तो निबंध 2012 साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला. पद्धत शिकायची असेल तर तो जरूर वाचा, म्हणून जरा तपशिलात सांगते.

2003 च्या सुमाराला दिल्लीच्या आसपास बीपीओ म्हणजे कॉल सेंटर, डेटा एन्ट्री, बॅक ऑफिस यांचं काम झपाट्यानं वाढत होतं. बारावी झालेल्या, थोडं इंग्रजी आणि कॉम्प्युटर येणाऱ्या मुलींना तिथं नोकरी मिळत होती. पण दिल्लीपासून 50 ते 150 किलोमीटरवरच्या खेड्यांत या नोकऱ्या आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं. जेन्सननं 160 गावं घेतली. त्यातली निम्मी, म्हणजे 80, नशिबानं निवडली. आपल्या भाषेत चिठ्ठ्या टाकून. त्या 80 गावांत या क्षेत्रात भरती करणारी अनुभवी माणसं पाठवली. त्यांनी फक्त मुलींसाठी बैठका घेतल्या: नोकऱ्या कसल्या असतात, पगार किती, पात्रता काय लागते, मुलाखत कशी देतात. आणि एकदा सांगून निघून गेले नाहीत. तीन वर्षं ही मदत फुकट चालू ठेवली. उरलेल्या 80 गावांत काहीच केलं नाही.

चिठ्ठ्या का? कंपनीचा माणूस आपणहून जिथं जातो ती गावं घेतली असती तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं ते असं: तो आपणहून जाणार ते हमरस्त्यावरच्या, चांगलं कॉलेज असलेल्या गावांत. तिथल्या मुली तशाही पुढं गेल्या असत्या. मग फरक त्याच्या येण्यानं पडला की रस्त्यानं, हे वेगळं काढता येत नाही. चिठ्ठ्या टाकल्या की दोन्हीकडे सरासरीनं सारखीच गावं येतात, फरक उरतो तो एवढाच की एकीकडे माणूस आला आणि दुसरीकडे नाही. "तो आला नसता तर काय झालं असतं?" याचं उत्तर दुसऱ्या 80 गावांत मिळतं. संशोधनात याला प्रतितथ्य म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या आजीलाही कळते: "तवा पाऊस पडला असता तर?"

निष्कर्ष काय निघाला? भरतीवाले आलेल्या गावांत 15 ते 21 वर्षांच्या मुलींचं त्या तीन वर्षांत लग्न होण्याचं आणि मूल होण्याचं प्रमाण 5 ते 6 टक्केबिंदूंनी कमी झालं. त्याऐवजी मुली नोकरीत, पुढच्या शिक्षणात किंवा एखाद्या कोर्सला गेल्या. लहान मुलींना शाळेत ठेवण्याचं प्रमाणही वाढलं. गंमत म्हणजे प्रत्यक्ष बीपीओत लागलेल्या मुली फार नव्हत्या. नोकरी मिळू शकते, एवढं खरं वाटण्यानंच घरातले निर्णय बदलले.

इथं एक सूचना. टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत करू नका, व्हायवाला हमखास विचारतात. 40 टक्क्यांवरून 34 टक्क्यांवर आलं तर ती घट 6 टक्केबिंदूंची. पण मूळच्या 40 च्या मानानं ती 15 टक्के घट. दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे.

हे वाचताना मी दिल्लीजवळच्या गावांत नव्हतेच, मी आमच्या गल्लीत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 44 टक्के जणींचं लग्न 18 पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. महाराष्ट्राचा आकडा 22 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपण दुप्पट. कारणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत: आईबाप कोयत्याला जाणार, वयात आलेली पोरगी मागं कुणाकडे ठेवायची, आणि जोडीनं कोयता झाला की उचलही मिळते. माझ्या दहावीच्या वर्गातल्या कितीतरी जणी अकरावीला दिसल्याच नाहीत. म्हणून 'तरुणांना आयटीकडे वळवणं' हा माझ्या लेखी नुसता करिअरचा विषय राहिला नाही. मुलीच्या नोकरीची शक्यता घरच्यांना खरी वाटली, तर लग्न दोन-चार वर्षं लांबतं का, हा तो प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल, सापडलं उत्तर, बीडला भरतीवाले पाठवा. थांबा. एक अभ्यास दुसरीकडे लागू पडतोच असं नाही, आणि ते तपासायला शेजारचे अभ्यास वाचावे लागतात.

एमिली ऑस्टर आणि ब्राइस स्टाइनबर्ग या दोघींचा 2013 चा अभ्यास कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातला आहे. आयटीशी संबंधित सेवाकेंद्र एखाद्या भागात उघडलं की तिथल्या शाळांचा पट वाढतो का, हे त्यांनी पाहिलं. त्यांना चिठ्ठ्या टाकता येणार नव्हत्या, कंपनी कुठं उघडायची ते काही संशोधक ठरवत नाही. म्हणून त्यांनी तीच शाळा केंद्र येण्याआधी आणि आल्यानंतर अशी ताडून पाहिली. एका केंद्रामागं पट 5.7 टक्क्यांनी वाढलेला दिसला. पण ही वाढ केंद्रापासून अगदी थोड्या किलोमीटरांतच होती, आणि मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. जरा पलीकडच्या गावाला त्याचा पत्ताही नाही. आता पुणे आपल्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. हिंजवडीचा उजेड केजपर्यंत आपोआप पोचेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

दुसरा धडा दूरचा आहे, डोमिनिकन रिपब्लिकचा. तोही जेन्सनचाच, 2010 चा. आठवीतल्या मुलांना वाटत होतं की पुढं शिकून पगारात फारसा फरक पडत नाही. काही शाळांमधल्या मुलांना खरे आकडे सांगितले, बास, एवढंच. पुढच्या चार वर्षांत ती मुलं सरासरी 0.20 वर्ष जास्त शिकली. फुकटच्या माहितीला हे काही कमी नाही. पण अगदी गरीब घरांतल्या मुलांवर परिणाम जवळजवळ झालाच नाही. पटलं, पण फी कुठून आणणार? म्हणजे मुकादमाच्या चार गोष्टींपैकी नुसती माहिती पुरत नाही. खर्चाचं कुणीतरी बघावं लागतं.

आणि दादासाहेब भगतांचं काय? आदर्श माणूस वर्गात आणून बोलवला तर उपयोग होतो का? यावर ट्रांग न्युएन यांनी मादागास्करमधल्या शाळांत प्रयोग केला होता. गरीब घरातून वर आलेला माणूस बोलला तर गरीब मुलांच्या अभ्यासात सुधारणा दिसली. सुखवस्तू घरातला यशस्वी माणूस बोलला तर दिसली नाही. 'आपल्यातला' असणं महत्त्वाचं. त्या हिशेबानं गोठ्यात कॉम्प्युटर मांडणारा माणूस पुण्याच्या मोठ्या साहेबापेक्षा केव्हाही चांगला. तरी माझं मत विचाराल तर एकट्या कोट्यधीशापेक्षा, गावातलीच पंचवीस-तीस हजारांवर सपोर्टचं काम करणारी मुलगी वर्गात आणावी. ती पोचण्यासारखी वाटते. हे मत आहे हं, निष्कर्ष नाही. तपासायचं बाकी आहे.

आता जी फट मला या सगळ्यात दिसली ती सांगते, कारण सिनॉप्सिसमध्ये तीच लागते. जेन्सनच्या दोन्ही अभ्यासांत मुलांना कमी माहीत होतं, किंवा ती संधीला कमी लेखत होती. आज आपल्याकडे तसं आहे का? प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलवर रील आहे: 'तीन महिन्यांत कोडिंग शिका, बारा लाखांचं पॅकेज घ्या'. म्हणजे माहितीचा दुष्काळ संपला, आता आहे तो नासक्या माहितीचा पूर. एखादीला वाटतंय आयटी आपलं कामच नाही, "तेवढं इंग्रजी कुठं यायलंय मला". आणि शेजारच्याला वाटतंय बारा लाख आत्ताच येतील. खरा आकडा सांगितला तर पहिलीची अपेक्षा वाढेल, दुसऱ्याची कमी होईल. कमी झाल्यावर तो क्लासच्या जाळ्यातून वाचेल, की आयटीच सोडून देईल? यावर बीडसारख्या जिल्ह्यातला अभ्यास मला सापडला नाही. तो करण्यासारखा आहे.

प्रश्न मिळाला तरी काम संपत नाही. आपल्या जिल्ह्यात काही गोष्टी पुस्तकात नसलेल्या सांभाळाव्या लागतात. जानेवारीत सर्वेक्षणाला गेलात तर वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या. कुलपं आणि म्हातारी माणसं. ज्या घरांबद्दल तुम्हाला बोलायचंय तीच नमुन्यातून गळतात आणि तुमचा बीड जिल्हा आपोआप सुखवस्तू होऊन जातो. पाडव्यानंतर, लोक परतल्यावर जावं, किंवा मग हंगामी वसतिगृहातली मुलं आधी गाठावीत. दुसरं, आठवडी बाजार. एका गावात माहितीची बैठक घेतली की रविवारच्या बाजारात ती शेजारच्या गावाला कळते, आणि तुमचं 'काहीच न केलेलं' गाव तसं राहत नाही. म्हणून एकाच बाजाराची दोन गावं वेगवेगळ्या गटांत टाकू नका. तिसरं, मुलींशी बोलताना त्यांची आणि घरच्यांची परवानगी नीट घ्या आणि दारात उभ्या असलेल्या चुलत्यासमोर लग्नाचे प्रश्न विचारू नका. तो प्रश्नही चुकेल आणि तिला त्रास होईल. ज्या गावांना माहिती दिली नाही, त्यांना अभ्यास संपल्यावर ती द्या, हे सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेवा.

ज्यांना असा प्रयोग परवडणार नाही, आणि पैसे तर आपल्यापैकी कुणाकडेच नसतात, त्यांनी ऑस्टर-स्टाइनबर्गचा मार्ग धरावा: आपोआप घडणारा बदल पकडायचा. 17 सप्टेंबर 2025 ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. बीडला टाटा टेक्नॉलॉजीजच्या मदतीनं प्रशिक्षण केंद्र उभारायचंही ठरलंय. त्याची पहिली तुकडी बाहेर पडायच्या आत आजूबाजूच्या कॉलेजांतल्या मुलामुलींच्या अपेक्षा नोंदवून ठेवल्या, तर दोन-तीन वर्षांनी तुमच्याकडे असं काही असेल जे नंतर कुठल्याही पैशानं विकत मिळत नाही: आधीची नोंद. 'आधी' एकदाच असतं. ते निघून गेल्यावर पीएच.डी. करायला बसलेले बरेच पाहिलेत मी.

माझा विषय शेवटी असा उतरला: 'बीड जिल्ह्यातील तीन तालुक्यांतील बारावीच्या विद्यार्थ्यांच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील वेतनाबाबतच्या अपेक्षा आणि अचूक माहितीचा त्यांच्या शिक्षण व विवाहविषयक निर्णयांवर होणारा परिणाम'. लांबलचक आहे, पण कुठं, कोण, काय दिलं, काय मोजलं, सगळं त्यात आहे. मॅडमनी या वेळी चष्मा काढला नाही. फक्त 'तीन तालुके' याभोवती पेन्सिलनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, "हेच तीन का?"

त्याचं उत्तर मी सध्या लिहितेय. केज घेतलाय तो घरून जाता येतं म्हणून, हे अर्थातच लिहिता येणार नाही.